मोडलेल्या संसाराचा हिशेब



दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी २०२४च्या मे महिन्यात एका छोट्याशा कायद्यावर सही केली. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलेली होती, त्यामुळे त्या सहीची बातमी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. १९७९च्या घटस्फोट कायद्यात दुरुस्ती करणारा हा त्या वर्षीचा पहिला कायदा. त्याने मूळ कायद्यात 'मुस्लिम विवाह' म्हणजे काय हे लिहिलं आणि असा विवाह मोडताना मुलांचं हित, मालमत्ता आणि पोटगी यांचा विचार न्यायालयाने कसा करायचा तेही सांगितलं. एवढंच. पण एवढ्यासाठी तिथल्या मुस्लिम बायकांच्या कितीतरी पिढ्या गेल्या.

आज मी या कायद्याबद्दल बोलणार आहे. दक्षिण आफ्रिकेचा घटस्फोट कायदा इथे कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. आपल्याकडे मुस्लिम विवाहाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी तिहेरी तलाकवर जाते, तिथून चार बायकांवर आणि तिथून समान नागरी कायद्यावर. वाद रंगतो. ज्या बाईचा संसार मोडला तिला त्या रात्री कुठे झोपायचं, भाड्याची पावती कुणाच्या नावाची, मुलाची शाळेची फी कोण भरणार, हे प्रश्न त्या वादात कुणी विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेत नेमके हेच प्रश्न न्यायालयासमोर आले, कारण तिथे या प्रश्नांच्या आधीचंच काही शाबूत नव्हतं. तिथे मुस्लिम विवाह कायद्याच्या लेखी विवाहच नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखाद्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायद्याने मानला, म्हणजे त्या धर्माच्या सगळ्या रीतींना शाबासकी दिली असं होत नाही. कायद्याने विवाह मानायचा तो दुबळ्या बाजूला हिशेब मागता यावा म्हणून. आणि विवाह मानला नाही तर त्याची झळ नवऱ्याला कधीच लागत नाही. 'ही बहुपत्नीकांची रीत आहे, आम्ही ती मानत नाही' असं ठणकावून सांगणाऱ्या न्यायाधीशांनी शंभराहून अधिक वर्षं प्रत्यक्षात नवऱ्याचंच काम सोपं केलं.

थोडा इतिहास. केपमध्ये इस्लाम आला तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गुलामांबरोबर आणि जावा-सुमात्रा-मकासारकडून हद्दपार केलेल्या माणसांबरोबर. शेख यूसुफ हे मकासारचे सूफी १६९४ साली तिथे उतरवले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस केप टाऊनच्या बो-काप भागात पहिली मशीद उभी राहिली, अव्वल मशीद. तिचे पहिले इमाम तुआन गुरू त्याआधी रॉबेन बेटावर कैद भोगून आले होते. ही माणसं आपापसांत निकाह करत, मेहर ठरवत (केपच्या बोलीत मेहरला मस्कावी म्हणतात), मुलं वाढवत. राज्याच्या दप्तरात यातलं काहीच नव्हतं. १८६० साली केपच्या न्यायालयाने हेच निकालात लिहून टाकलं, की मुस्लिम रीतीने झालेला विवाह कायदेशीर नाही आणि त्यातून झालेली मुलं औरस नाहीत.

यामागचा युक्तिवाद नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातून आली. पुरुषाला एकाहून अधिक लग्नं करण्याची मुभा ज्या रीतीत आहे, ती रीत सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध, असं न्यायालयांनी धरलं. म्हणजे ज्याला एकच बायको आहे आणि मरेपर्यंत एकच राहिली, त्याचाही निकाह बाद. नवऱ्याने केलंच नाही अशा गोष्टीसाठी बायको बेकायदा ठरली.

इथे कोकण येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी आणि जंजिरा-कुलाबा भागातल्या मुसलमान कुटुंबांतले पुरुष स्वतःचं भाडं भरून बोटीने केप टाऊनला जाऊ लागले. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये म्हणून गेले ते वेगळे. ती भरती १८६० पासून चालू होती. कोकणी माणसं दुकानदार, फेरीवाले, मजूर म्हणून गेली. त्यांची वस्ती आजही केप टाऊनमध्ये आहे आणि तिथे कोकणी मुसलमान म्हणूनच ती ओळखली जाते. त्यातल्या अनेकांच्या बायका गावीच राहिल्या. नवऱ्याने दोन-चार वर्षांनी यायचं, ठरावीक मुदतीत परत जायचं. त्यासाठी फोटो चिकटवलेला परवाना घ्यावा लागे, आणि मुदत चुकली की परतीचा दरवाजा बंद. बायकोला सोबत न्यायचं तर तिथला अधिकारी विचारणार, ही तुमची बायको कशावरून? निकाहनामा दाखवावा, तर तो कागद तिथे कागदच नव्हता.

१९१३च्या मार्चमध्ये हा प्रश्न केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे आला. पोर्ट एलिझाबेथचे रहिवासी हसन इसप यांनी हिंदुस्थानात येऊन बाई मरियम यांच्याशी निकाह केला होता आणि त्यांना तिकडे नेलं होतं. अधिकाऱ्यांनी बाईंना देशात प्रवेश नाकारला. न्यायमूर्तींनी अधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली, कारण ज्या रीतीत बहुपत्नीकत्वाला जागा आहे त्या रीतीने झालेल्या विवाहातली स्त्री कायद्याच्या अर्थाने पत्नी नाही.

या निकालाने काय झालं ते आपण शाळेत शिकतो, पण अर्धंच. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांच्याच बायका एका फटक्यात बिनलग्नाच्या ठरल्या, हे गांधींनी ओळखलं आणि सत्याग्रहाची हाक स्त्रियांपर्यंत गेली. १९१३च्या सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातली सोळा माणसं ट्रान्सवालची हद्द परवान्याशिवाय ओलांडून गेली. त्यात चार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक कस्तुरबा. तीन महिने सक्तमजुरी झाली. कस्तुरबा तुरुंगातून सुटल्या तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. मग न्यूकॅसलच्या खाणकामगारांचा संप, नोव्हेंबरातला हजारोंचा मोर्चा, आणि १९१४ साली भारतीयांना दिलासा देणारा कायदा. गांधी त्या जुलैत आफ्रिका सोडून निघाले. कस्तुरबा आणि त्यांच्या सोबतिणी राजकारणाच्या मैदानात उतरल्या त्या विवाहाच्या मान्यतेच्या प्रश्नावर, ही गोष्ट आपल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

पण १९१४च्या कायद्याने कुणाला काय मिळालं? देशात राहणाऱ्या पुरुषाला एक पत्नी आणि तिची मुलं आत आणता आली. धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमण्याची आणि एकपत्नी विवाह नोंदवण्याची सोय झाली. बंदरावरचा प्रश्न सुटला. घरातला तसाच राहिला. नुसता निकाह करून नांदणारी बाई, नवऱ्याने टाकल्यावर, न्यायालयाच्या पायरीवर परकीच होती. तीनच वर्षांनी, १९१७ साली, अपील न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं की असे विवाह सार्वजनिक नीतीला धरून नाहीत. माझं वाचन असं, की १९१३-१४ची मागणी आपल्या माणसांनी केली ती सरकारकडे: आमच्या बायकांना बायका म्हणा. ती रास्त होती आणि त्यासाठी लोकांनी तुरुंगही भोगला. नवऱ्याकडे हिशेब मागायचा तर बाईला काय लागेल, हा त्या लढ्याचा विषय नव्हता. तो विषय यायला आणखी शंभर वर्षं गेली.

१९८३ साली एका स्त्रीने थकलेली पोटगी आणि मेहर मागितला. अपील न्यायालयाने नाही म्हटलं, विवाहच नाही तर त्यातून येणारी देणी कुठली? वर्णभेदाच्या राजवटीत हे घडलं याचं नवल वाटायला नको. ज्या राज्याने माणसांची लग्नं कातडीच्या रंगावरून बेकायदा ठरवली होती, त्याला आणखी एका लग्नाकडे डोळेझाक करणं जड नव्हतं.

१९९४ नंतर चित्र बदलायला लागलं, पण एकदम नाही. १९९६च्या राज्यघटनेने समता आणि प्रतिष्ठा यांचे हक्क दिले, आणि पंधराव्या कलमात धार्मिक रीतीने झालेल्या विवाहांना मान्यता देणारा कायदा करता येईल असंही लिहिलं, मात्र तो घटनेशी सुसंगत हवा. १९९८ साली आफ्रिकी जमातींच्या रूढीनुसार होणाऱ्या विवाहांसाठी कायदा झाला, आणि त्यात बहुपत्नीक विवाहही मानले गेले. मुस्लिम विवाह बाहेरच राहिले. 'बहुपत्नीकत्व नीतीविरुद्ध' हे जुनं कारण त्याच दिवशी संपायला हवं होतं.

न्यायालयं मात्र कामाला लागली. १९९७च्या एका खटल्यात केपच्या न्यायमूर्ती फार्लम यांनी सांगितलं की निकाह हा निदान करार तरी आहे आणि त्यातली देणी न्यायालय वसूल करून देईल. त्या बाईला थकलेल्या पोटगीचा हक्क मिळाला. पण तिने आणखी एक मागितलं होतं: संसाराच्या काळात नवऱ्याची मालमत्ता वाढली, त्यात माझा वाटा. मलेशियातल्या मुसलमानांत अशी वाटणीची रीत आहे. केपच्या मुस्लिम समाजाचे पूर्वज त्याच समुद्राकडून आलेले, तेव्हा मागणी निराधार नव्हती. पण केपमध्ये ती रीत चालते याचा पुरावा समोर आला नाही आणि वाटा नाकारला गेला. मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो. करार म्हणून निकाह मानला की जे करारात आहे तेवढंच मिळतं. आणि वर्षानुवर्षं रांधलं-वाढलं, दुकानाच्या गल्ल्यावर बसलं, याचा उल्लेख कोणत्या निकाहनाम्यात असतो?

मग १९९९. मोटार अपघातात नवरा गेलेल्या एका मुस्लिम विधवेने नुकसानभरपाई मागितली. भरपाई देणाऱ्या निधीचं म्हणणं, विवाह कायदेशीर नाही म्हणून नवऱ्याने तिला पोसण्याचं कर्तव्य कायद्याने नव्हतं. ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हे फेटाळलं. निकाल लिहिला मुख्य न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी, त्या देशाच्या पहिल्या कृष्णवर्णीय सरन्यायाधीशांनी. ते भारतीय वंशाचे मुसलमान होते. तरुण वकील असताना ते याच शहरात युक्तिवाद करायला येत, तेव्हा त्या प्रांताच्या कायद्याने भारतीयांना रात्रीचा मुक्काम करायला बंदी होती. न्यायालय उठलं की त्यांना प्रांताच्या हद्दीबाहेर जावं लागे. त्याच न्यायालयाच्या सर्वोच्च आसनावरून त्यांनी सांगितलं की बहुसंख्याकांच्या एका गटाच्या नीतिकल्पनांवरून कुणाच्या संसाराची लायकी ठरवायचे दिवस गेले. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.

२००४चा घटनात्मक न्यायालयाचा निकाल मी जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात एक घर आहे. केप टाऊनच्या बाहेर हॅनोव्हर पार्क नावाची वसाहत आहे, वर्णभेदाच्या काळात शहरातून उठवलेल्या माणसांसाठी बांधलेली. तिथलं एक घर नगरपालिकेने १९६९ साली एका जोडप्याला भाड्याने दिलं. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि घराची भाडेकरू म्हणून त्या बाई एकट्या राहिल्या. १९७७ साली त्यांनी मुस्लिम रीतीने दुसरा विवाह केला. नगरपालिकेचा नियम असा, की विवाहित स्त्रीचं घर नवऱ्याच्या नावावर जाणार. तसं ते गेलं. लक्षात घ्या, नगरपालिकेला भाड्याची पावती बदलायला हा विवाह पुरेसा होता. पुढे घर विकत घेतलं, खरेदीखतही नवऱ्याच्या नावाने झालं. १९९४ साली नवरा मृत्युपत्र न करता गेला. मग त्याच राज्याच्या वारसा अधिकाऱ्याने बाईंना सांगितलं, तुम्ही कायद्याने पत्नी नाही, घरात वारस म्हणून तुमचा हक्क नाही. जे घर मुळात त्यांच्याच नावावर होतं ते! घर काढून घ्यायला विवाह मान्य, परत द्यायला अमान्य. न्यायमूर्ती आल्बी साक्स यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. वारसा कायद्यातल्या पती-पत्नीत मुस्लिम विवाहातले पती-पत्नीही येतात, असं त्यांनी ठरवलं. २००९ साली हाच हक्क बहुपत्नीक विवाहातल्या विधवांनाही मिळाला.

या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट समान आहे. पोटगीच्या कराराचा तो एक अपवाद सोडला तर न्याय मिळाला तो विधवांना. घटस्फोटितेला नाही. याचं कारण कठीण नाही. विधवेच्या समोर विमा निधी असतो, सरकारी अधिकारी असतो, फार तर दीर असतो. टाकलेल्या बाईच्या समोर जिवंत नवरा असतो आणि त्याच्यामागे जमात, मशीद, उलेमा उभे असतात. घटस्फोटाला हात घालणं म्हणजे तलाक कुणी द्यायचा आणि फस्ख, म्हणजे बायकोच्या मागणीवरून निकाह रद्द, कुणी करायचा, हा अधिकाराचा प्रश्न. केपमध्ये ती सत्ता मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलसारख्या उलेमांच्या संस्थांकडे होती. बाई तिथे जाऊन फस्ख मिळवू शके. पण घर, पेन्शन, मुलांचा ताबा यांबाबत तिथला निर्णय नवऱ्याने मानला नाही तर तो बजावायला त्या संस्थांकडे बेलिफ नव्हता. नागरी विवाह मोडताना मुलांची व्यवस्था नीट झाली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय न्यायाधीश घटस्फोट देत नाही. निकाहातल्या मुलांच्या वाट्याला हे आपोआप कधीच येत नव्हतं. आईने वेगळा अर्ज करावा, तोही वकिलाचा खर्च करून.

कायदा करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. तिथल्या विधी सुधारणा आयोगाने २००३ साली मुस्लिम विवाहांबद्दल अहवाल दिला, आणि २०१०च्या अखेरीस मंत्रिमंडळाने एक विधेयक लोकांच्या मतांसाठी खुलं केलं. ते दोन्हीकडून मार खाऊन पडलं. काही उलेमा म्हणाले, घटनेला बांधलेले न्यायाधीश शरियतचा अर्थ लावणार, हे आम्हाला चालणार नाही. काही स्त्री कार्यकर्त्या म्हणाल्या, तलाकचे प्रकार आणि अटी कायद्यात लिहिल्या की विषमतेवर सरकारी शिक्का बसेल. दोन्ही आक्षेपांत तथ्य होतं. खरी चूक विधेयकाच्या कल्पनेत होती, असं मला वाटतं. निकाह कसा व्हावा, तलाक कसा व्हावा, कोणत्या मझहबाचं, म्हणजे विधिपरंपरेचं, मत धरावं, हे सगळं राज्याने लिहायला घेतलं. राज्य मुफ्ती झालं की त्याचं कुणाशीच जमत नाही.

मग केप टाऊनच्या विमेन्स लीगल सेंटरने वेगळी वाट धरली. २०१४च्या डिसेंबरात ही संस्था न्यायालयात गेली. २०१८ साली उच्च न्यायालयात जिंकली, २०२०च्या डिसेंबरात अपील न्यायालयाचा निकाल आला, आणि २८ जून २०२२ रोजी घटनात्मक न्यायालयाने एकमताने निकाल दिला: १९६१चा विवाह कायदा आणि १९७९चा घटस्फोट कायदा मुस्लिम विवाह वगळतात म्हणून ते घटनाविरोधी आहेत. समता, प्रतिष्ठा, मुलांचे हक्क आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, चारही कलमांचा भंग. नवा कायदा करा असं मात्र न्यायालयाने सरकारला बजावलं नाही. कायदा कोणता करायचा हे संसदेचं काम. दुरुस्तीला चोवीस महिने दिले आणि तोवरची सोय निकालातच लिहून टाकली. ती मुदत संपायला महिना-दीड महिना राहिला असताना रामाफोसांची सही झाली.

आता त्या सोयीतला एक बारकावा, कारण वकील म्हणून मला तिथेच या कायद्याचा जीव दिसतो. दक्षिण आफ्रिकेत नागरी विवाहात, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात. मुस्लिम विवाहात, इस्लामी रीतीला धरून, ती वेगवेगळी धरायची असं ठरलं. ऐकताना वाटतं, बाईच्या हातात काय आलं? तर घटस्फोट कायद्यातलं सातवं कलम आलं. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याच्याकडून काही भाग दुसऱ्याला देण्याचा हुकूम न्यायाधीश त्या कलमाखाली करू शकतो, जर त्या दुसऱ्याने ती मालमत्ता उभी राहायला किंवा वाढायला हातभार लावला असेल. हातभार कसला? पैशांचाच असा नाही. सेवा आणि खर्चाची बचत, असे शब्द तिथे आहेत. बाईने मोलकरीण ठेवली नाही, मुलांची शिकवणी घरी घेतली, सासूचं आजारपण काढलं, नवऱ्याच्या दुकानातला हिशेब लिहिला, यातून जे पैसे वाचले ते घराच्या विटांत गेले, हे न्यायाधीशाने मोजायचं. १९९७च्या त्या बाईला जे मलेशियाच्या रीतीचा आधार घेऊनही मिळालं नव्हतं ते पुढच्या बायकांना असं मिळालं, धर्मशास्त्राला हात न लावता. एकाहून अधिक पत्नी असतील तर त्यांनाही खटल्यात सामील करून घ्यायचं, म्हणजे एकीचा हिशेब दुसरीच्या ताटातून होणार नाही.

निकाह धर्माचा, तलाक आणि फस्ख उलेमांचे, संसार मोडल्यावरचा हिशेब राज्याचा: ही विभागणी मला मनापासून पटते. राज्याने विवाहाच्या मांडवात शिरायचा अट्टहास सोडला आणि तो मोडतो तिथे उभं राहायचं ठरवलं.

त्यात उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. १५ डिसेंबर २०१४ ही खटला दाखल झाल्याची तारीख. त्याआधीच ज्यांचा तलाक झाला आणि ज्यांचं प्रकरण न्यायालयात पडून नव्हतं, त्यांना काही मिळालं नाही. म्हणजे ज्या पिढीने हा अन्याय सर्वांत जास्त सोसला तीच बाहेर. दुसरं, दिवाणी न्यायालयाचा घटस्फोट झाला तरी उलेमांच्या लेखी निकाह तुटत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. बाईला तलाक किंवा फस्खसाठी पुन्हा त्याच दाराशी जावं लागतं. यावर तोड याच कायद्यात आहे. १९९६ साली ज्यू स्त्रियांसाठी एक कलम घातलं गेलं: नवरा धार्मिक सोडचिठ्ठी अडवून बसला आणि बायकोला पुन्हा लग्न करता येत नसेल, तर न्यायाधीश घटस्फोटाचा हुकूम रोखू शकतो, योग्य तो आदेश देऊ शकतो. मुस्लिम स्त्रियांच्या वकिलांनी हे कलम हाती घ्यावं. आणि तिसरं, निकाह मोडताना कायदा आला तरी तो होताना अजून येत नाही. २०१४ साली शंभराहून अधिक इमामांना विवाह अधिकारी नेमलं गेलं, पण त्यांनी नोंदवायचा तो नागरी विवाह. सर्व प्रकारच्या विवाहांसाठी एकच कायदा आणणारं विधेयक २०२३ साली संसदेत मांडलं गेलं, त्यात हा प्रश्न सोडवायचा आहे.

आता आपल्याकडे वळतो. भारतात मुस्लिम विवाह ब्रिटिश काळापासून कायद्याला मान्य आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि आपण ती गृहीत धरतो. १९३९च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयात जाऊन निकाह तोडण्याचा हक्क दिला: नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं त्याने पोसलं नाही, क्रूरपणे वागवतो, अशी कारणं. त्यातलं चार वर्षांचं कारण बोटीवर गेलेल्या माणसांच्या कोकणातल्या बायकांना किती जवळचं असेल, याची कल्पना करा. हनफी मतातून वाट निघत नव्हती म्हणून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या उलेमांनी मालिकी मताचा आधार घेतला आणि त्यातून तो कायदा शक्य झाला. उलेमा नेहमीच आडवे येतात असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

त्यानंतर मात्र आपण अडकलो. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद व्हावा ही त्यांची मागणी. सातच बायका, पण त्या दिवशी त्या रस्त्यावर चालायला लागणारं धैर्य आपण आज मोजू शकत नाही. त्या मागणीला सर्वोच्च न्यायालयात उत्तर मिळायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडलं. मधल्या काळात शाहबानो यांची दरमहा १७९ रुपये २० पैशांची पोटगी १९८५ साली राष्ट्रीय वाद झाली, १९८६चा कायदा आला, २००१ साली दानियल लतीफी खटल्यात न्यायालयाने त्याच कायद्यातून इद्दतीनंतरच्या, म्हणजे तलाकनंतरचा प्रतीक्षाकाळ संपल्यावरच्या, आयुष्याचीही तरतूद काढून दिली. २०१९च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. यात नवरा तुरुंगात जातो, हे खरं. त्या तीन वर्षांत घराचा हप्ता कोण भरतो आणि घर शेवटी कुणाचं, यावर त्या कायद्यात उत्तर नाही. निर्वाहभत्ता मागता येतो, संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत वाटा मागता येत नाही.

आणि इथे मला मुस्लिमेतर श्रोत्यांना थांबवायचं आहे. हा वाटा आपल्याकडे हिंदू बाईलाही मागता येत नाही. हिंदू विवाह कायद्याचं सत्ताविसावं कलम लग्नात दोघांना मिळून आलेल्या भेटींपुरतं बोलतं. वैवाहिक मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ साली राज्यसभेने मंजूर केलं आणि ते पुढे गेलंच नाही. माझ्या वकिलीत मी पाहिलं आहे, निकाहनामा असो की सप्तपदीचे फोटो, बाई प्लास्टिकच्या पिशवीतून जे कागद आणते त्यात घराचा एकही कागद तिच्या नावाचा नसतो. असतात ती गॅसची बिलं, मुलांची प्रगतिपुस्तकं, दवाखान्याच्या पावत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सातव्या कलमाखाली हाच पुरावा ठरला असता.

आपल्या शेजारी एक प्रदेश आहे जिथे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, विवाहाबरोबर मालमत्ता दोघांची होते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी वाटली जाते. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची संमती लागते. हे हिंदूंना लागू आहे, ख्रिस्ती लोकांना आहे आणि गोव्यात विवाह नोंदवणाऱ्या मुसलमानांनाही आहे. तिथे तोंडी तलाक चालत नाही आणि दुसरी बायको करता येत नाही. निकाह मशिदीत होतोच, नोंद निबंधकाकडे होते.

सिंधुदुर्गातलं बांदा आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातली पत्रादेवी यांच्यात काही मिनिटांचं अंतर आहे. दोन्हीकडचे मुसलमान एकमेकांत सोयरीक करतात, हिंदूही करतात, बोली तीच, जेवण तेच. पत्रादेवीला विवाह नोंदवून तिथे संसार थाटलेल्या बाईचं निम्मं घर तिचं आहे. बांद्याच्या बाईला, मग ती आयेशा असो की सुनीता, संसार मोडल्यावर पोटगीचा अर्ज करावा लागतो आणि घरातून बाहेर पडावं लागतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने यावर एकदा तरी सविस्तर चर्चा करावी, एवढी मागणी या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मी करतो. विवाह आणि घटस्फोट हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राज्याला त्यात कायदा करता येतो.